सोळा रात्रींचा हिशेब

मूल होण्याविषयीचे गैरसमज म्हटले की नवस, गंडेदोरे आणि उपासतापास आठवतात, आणि सगळा दोष अडाणीपणावर टाकून आपण मोकळे होतो. पण या विषयातला सर्वांत चिवट गैरसमज आधी शास्त्र्यांनी जपला आणि पुढे डॉक्टरांनी. पाळी आली म्हणजे बीज तयार झाले, असा तो समज. आपल्या जुन्या ग्रंथांत आर्तव हाच गर्भातला स्त्रीचा वाटा मानलेला आहे, त्यामुळे साहजिकच सगळी मोजदाद रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. मनुस्मृती ऋतुकाळाच्या सोळा रात्री सांगते. त्यांतल्या पहिल्या चार, शिवाय अकरावी आणि तेरावी वर्ज्य. सुश्रुतसंहितेत हा काळ बारा रात्रींचा आहे, आणि तो सरला की दिवस मावळल्यावर कमळ मिटावे तसे गर्भाशयाचे द्वार मिटते, असे तिथे म्हटले आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पाचव्या रात्रीपासून सोळाव्यापर्यंतच्या काळात बीज सुटण्याचे दिवस बहुतेक वेळा येतातच; मग पूर्वजांना सगळे ठाऊक नव्हते काय? हिशेब बऱ्याच अंशी जुळतो हे मान्यच करायला हवे. पण मागचे कारण ठाऊक असते, तर नियमित पाळीच्या अनेक बायकांना ज्या दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता चांगली, त्यांतल्याच अकराव्या आणि तेराव्या रात्री वगळल्या नसत्या. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी हा नियमही तिथेच, शेजारच्याच श्लोकात आहे. बारा दिवसांचे जाळे टाकल्यावर मासा सापडला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. युरोपातल्या विद्वानांना तर तेवढेही साधले नाही. सस्तन प्राण्यांतले स्त्रीबीज 1827 मध्ये फोन बेअर यांनी दाखवले, 1840 च्या दशकात बिशॉफ यांनी कुत्रीचे बीज माजाच्या काळात आपोआप सुटते हे सिद्ध केले, आणि कुत्रीला माजाच्या सुमारास रक्त जाते म्हणून बाईचेही तसेच असणार असे धरले गेले. वास्तविक कुत्रीचे रक्त बीज सुटण्याआधीचे, तर बाईचे रक्त गर्भ न राहिल्यावर गळून पडणाऱ्या अस्तराचे. या एका चुकीच्या तुलनेमुळे पाळीच्या आगेमागेचे दिवस फळणारे आणि दोन पाळ्यांमधला काळ निर्धोक, असा नेमका उलटा सल्ला विसाव्या शतकापर्यंत दिला गेला.

हा वाद पुस्तकातच राहिला असता तर एवढे बिघडले नसते. ऋतुस्नात पत्नीजवळ न जाणाऱ्या नवऱ्याला पराशरस्मृती भ्रूणहत्येचे पाप लावते. प्रत्येक पाळीला एक संभाव्य जीव धरल्याशिवाय असे पाप सुचणार नाही. कलकत्त्यातील फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूनंतर संमतिवयाचा कायदा पुढे आला, तेव्हा पुण्यात वाद पेटला तो याच मुद्द्यावर: पहिल्या ऋतूतच गर्भाधान व्हायला हवे की ते लांबवता येते? रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे लांबवता येते असे मांडले, टिळकांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला, आणि 1891 मध्ये वयाची अट दहावरून बारावर गेली. न्हाण आल्यानंतरच्या सुरुवातीच्या कित्येक पाळ्यांत बीज सुटतच नाही, हे तेव्हा दोन्ही बाजूंना माहीत नव्हते. ज्या गर्भाच्या हत्येची भीती घातली जात होती, त्याचे बीजच पुष्कळदा नसे. दुसरीकडे मूल हवे असलेल्या बाईचे काय? आठ वर्षांत मूल झाले नाही तर दुसरी बायको करावी, ही मनूची मुदत. नवरा गिरणीत आणि बायको कोकणात, भेट शिमग्याला नाहीतर गणपतीला. अशा घरात ते दोन-चार दिवस पाळीच्या कोणत्या टप्प्यावर पडले हे कोण पाहणार? वांझ मात्र तीच ठरायची. चरक-सुश्रुतांनी शुक्राचे आठ दोष नोंदवले होते, पण घरातल्या न्यायनिवाड्यात त्यांची आठवण क्वचितच निघाली असेल.

हिशेब उलटा करायला 1924 साल उजाडावे लागले. जपानमधल्या निईगाता इथले डॉक्टर ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशय पाहून मांडले की बीज पुढच्या पाळीच्या साधारण बारा ते सोळा दिवस आधी सुटते. ऑस्ट्रियाचे क्नाउस थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोहोचले. मोजायचे पुढच्या पाळीपासून मागे, आणि ती पाळी तर अजून आलेलीच नसते! स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनासाठी पहिल्यांदा हीच पद्धत आजमावली, दिल्लीच्या लोधी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम इथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन, आणि ती फसली. आता माळेच्या जागी मोबाईलवरचे ॲप आले आहे आणि चौदावा दिवस हा नवा मंत्र झाला आहे. त्यालाही आधार कच्चाच. 1995 मध्ये अमेरिकेतल्या 221 बायकांच्या अभ्यासातून दिसले की गर्भ राहतो तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच अशा सहा दिवसांतच; पण याच नोंदींवरून 2000 मध्ये असेही आढळले की हे सहा दिवस पूर्णपणे दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसणाऱ्या बायका केवळ तीस टक्क्यांच्या आसपास.