विमान उतरलं, पुढे काय?

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सोमवारी आमच्या ऑफिसात मदतीची खोकी भरायला सुरुवात झाली. मीही घरातले जुने शर्ट, दोन स्वेटर नेऊन दिले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. ती खोकी पुढे कुठे गेली, हे मात्र कधी विचारलं नाही. नंतर त्या दिवसांतल्या काठमांडू विमानतळाबद्दल वाचत गेलो, तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

डोळ्यांसमोर आणा. डोंगरांनी वेढलेलं खोरं, त्रिभुवन विमानतळ, तीनेक किलोमीटरची एकच धावपट्टी आणि मोठी विमानं उभी करायला मोजकीच जागा. काही तासांतच भारतीय हवाई दलाचं पहिलं विमान पोचलं, मग जगभरातून रीघ लागली. जागा नाही म्हणून काही विमानं घिरट्या घालून परत फिरली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू होता, पण क्यू भरला होता!

का भरला? विमान उतरायला मिनिटं लागतात, रिकामं व्हायला तास. सी-१७ सारख्या लष्करी विमानाला मागे रॅम्प असतो, तो उघडला की सामान सरळ खाली. मालवाहू जम्बोचा मुख्य डेक मात्र जमिनीपासून जवळपास पाच मीटर उंच. तिथवर पोचणारा हाय-लोडर हवा, खाली फोर्कलिफ्ट हवी. नसेल तर माणसांची साखळी करा आणि एकेक खोकं उतरवा. तोवर हे विमान जागा अडवून उभं, आणि पुढचं आभाळात.

बरं, उतरलं म्हणजे सुटलं असंही नाही. माल कस्टम्समध्ये अडकू लागला. नेहमीचे कस्टम्सचे नियम आत्ता लावू नका, असं संयुक्त राष्ट्रांचे नेपाळमधले प्रतिनिधी जेमी मॅकगोल्ड्रिक यांना २ मे रोजी जाहीरपणे सांगावं लागलं. दुसऱ्याच दिवशी धावपट्टी खराब होतेय म्हणून १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी झाली.

एक गोष्ट मात्र कुणीतरी आधीच करून ठेवली होती. जागतिक अन्न कार्यक्रमाने विमानतळावरच मदतीचा माल उतरवून, वर्गवारी करून पुढे पाठवण्यासाठी एक तळ उभारला होता. तो सुरू झाला मार्च २०१५ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी! त्या तळाची बातमी तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी वाचली असेल? मी तरी नाही.

आता माझं खोकं आठवा. आत काय, कुणाच्या मापाचं, कशाचाच पत्ता नाही. ते पोचलं असेल तर कुणीतरी तंबू आणि औषधं बाजूला ठेवून ते उघडलं असणार, निवडलं असणार.

तेव्हापासून मी पैसे पाठवतो. पैशांना फोर्कलिफ्ट लागत नाही.