जबलपूर आणि माधवराव सप्रे

दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ साली जन्मलेल्या माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. लेखणी मात्र हिंदीत चालली. टिळकांचे परंपरानिष्ठ, जहाल राजकारण हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि आप्तांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले. त्यांच्या पुढील लेखनाचे मूळ या शल्यातच शोधावे लागते. मधुकरी मागत ते समर्थांकडे वळले. ‘दासबोध’ हिंदीत आला आणि १९१६ मध्ये ‘गीतारहस्य’ही. हिंदू धर्मविचारातून राष्ट्रकार्याची प्रेरणा घेणारी ही भाषा महाकोशलात रुजली ती अशी. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला. त्यामागची प्रेरणा सप्र्यांची. संपादकपद मात्र माखनलाल चतुर्वेदींकडे गेले.