आधी टोचून घेणारे

माझ्या आईच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन व्रण आहेत. लहानपणी मी त्यांना बोट लावून बघायचो. माझ्या दंडावर बीसीजीचा एकच व्रण आहे. देवीची लस माझ्या वाट्याला आलीच नाही, कारण मी जन्मायच्या कितीतरी आधी, ८ मे १९८० रोजी, जागतिक आरोग्य परिषदेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं होतं.

आई तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. १६ जानेवारी २०२१ला कोविडचं लसीकरण सुरू झालं तेव्हा आरोग्य कर्मचारी रांगेत पहिले होते. तिने लस घेतली, अर्धा तास खुर्चीवर बसली आणि घरी आली. रात्री थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकायला लागलं. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन ती ड्युटीवर गेली. मी पुण्याहून फोनवर म्हटलं, "आजच्या दिवस रजा टाक ना." ती म्हणाली, "कशाची टाकू? लशीच्या तापाची? अर्जात तसा रकाना नाही रे."

ती हसत बोलली, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. आम्ही नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देतो, काय बिघडतं ते पाहतो आणि मग सगळ्यांना देतो. बिघडलंच तर जुनी आवृत्ती परत आणतो. टोचलेली लस मात्र परत घेता येत नाही. मग जे आधी टोचून घेतात, त्यांना काही झालं तर तो भार कोणी उचलायचा? हा प्रश्न यापूर्वी कुणी विचारला होता का, हे शोधताना मी २००३च्या अमेरिकेत जाऊन पोचलो. आणि तिथे गाठ पडली ती देवीच्याच लशीशी.

सप्टेंबर २००१चा हल्ला आणि त्यामागोमाग टपालातून आलेली अँथ्रॅक्सची पाकिटं यांनी अमेरिका हादरली होती. त्या पाकिटांनी पाच जणांचा जीव घेतला. देवीचे विषाणू अधिकृतपणे जगात दोनच ठिकाणी उरले होते, अटलांटा आणि सायबेरियातलं कोल्त्सोवो. पण ते आणखी कुणाच्या, विशेषतः इराकच्या हाती असतील तर? १३ डिसेंबर २००२ रोजी अध्यक्ष बुश यांनी योजना जाहीर केली. सैनिकांना देवीची लस सक्तीची आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ऐच्छिक. पहिल्या टप्प्यात सुमारे ५ लाख डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी लस घेतील असा अंदाज होता. आठवड्याभरात बुश यांनी स्वतःही लस टोचून घेतली.

ती लस होती ड्रायव्हॅक्स, वासरांच्या कातडीवर वाढवलेली आणि कित्येक वर्षं साठवून ठेवलेली. तिच्यात व्हॅक्सिनिया नावाचा, देवीच्या कुळातला, जिवंत विषाणू असतो. दोन टोकांची सुई लशीत बुडवून दंडावर टोचायची. मग तिथे फोड येतो, पू धरतो, खपली धरते आणि सुमारे तीन आठवड्यांनी पडते. तोवर त्या जखमेतून विषाणू दुसऱ्याला लागू शकतो. एरवी याचं फारसं बिघडत नाही, पण परिचारिकेच्या भोवती असतात ते केमोथेरपीचे आणि एड्सचे रुग्ण, म्हणजे ज्यांना हा विषाणू सगळ्यात महाग पडेल अशी माणसं.

धोका माहीत नव्हता असं नाही. १९६८च्या अमेरिकन पाहण्यांवरून हिशेब निघालेला होता. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे एक ते दोन मृत्यू आणि १४ ते ५२ जणांना जिवावरचं दुखणं. देवीची साथ दारात असेल तर हा सौदा कुणीही डोळे मिटून करील. पण २००३मध्ये जगात देवीचा एकही रुग्ण नव्हता. तराजूच्या एका पारड्यात छोटा पण खरा धोका होता आणि दुसऱ्यात एक शक्यता. सरकारच्या लसविषयक सल्लागार समितीत या योजनेच्या विरोधात मत देणारे एकटे सदस्य होते डॉ. पॉल ऑफिट. ते लसविरोधक मुळीच नव्हते, स्वतः लशीवर संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ होते.

२४ जानेवारी २००३ रोजी कनेक्टिकटमध्ये चार डॉक्टरांनी लस घेतली आणि मोहीम सुरू झाली. त्याच दिवशी एक कायदेशीर तरतूदही लागू झाली. लस बनवणाऱ्या कंपन्या आणि ती देणारी रुग्णालयं यांच्यावर दुष्परिणामांसाठी थेट दावा लावता येणार नव्हता. टोचून घेणाऱ्यांसाठी मात्र भरपाईची स्वतंत्र योजना तेव्हा नव्हती. परिचारिकांच्या संघटनांचे प्रश्न अगदी साधे होते. ताप आला तर रजेचा पगार मिळेल का? इस्पितळात राहावं लागलं तर बिल कोण भरेल? माझ्यामुळे घरातल्या बाळाला किंवा वॉर्डातल्या रुग्णाला लागण झाली तर? उत्तरं राज्याराज्यात वेगळी होती आणि बरीचशी धूसर होती. काही मोठ्या रुग्णालयांनी मोहिमेत भाग घ्यायलाच नकार दिला.

मार्चमध्ये अनपेक्षित बातमी आली. लस घेतलेल्या काहींना हृदयाचा त्रास झाला होता आणि मेरिलँडमधल्या एका आरोग्य कर्मचारी बाईंचा हृदयविकाराने मृत्यू झाला होता. लगेच सूचना निघाली की ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी लस घेऊ नये. नंतरच्या अभ्यासात असं दिसलं की हृदयविकाराचे झटके बहुधा योगायोगाचे होते, त्या वयाच्या इतक्या माणसांत ते एरवीही आलेच असते. हृदयस्नायूचा आणि त्याच्या आवरणाचा दाह मात्र खरा होता. ३७,९०१ नागरी लसधारकांत असे २१ रुग्ण सापडले. अमेरिकेत पूर्वी ही लस मुख्यतः लहान मुलांना दिली जाई, त्यामुळे या दुष्परिणामाकडे तिथे फारसं लक्ष गेलं नव्हतं. या वेळी टोचून घेणारे प्रौढ होते आणि प्रत्येक तक्रार नोंदवली जात होती, म्हणून तो पकडला गेला. २०२१मध्ये काही कोविड लशींनंतर तरुण मुलांमध्ये असाच दाह दिसला, तेव्हा डॉक्टरांना तो अगदीच अनोळखी नव्हता.

भरपाईच्या कायद्यावर बुश यांची सही झाली ३० एप्रिल २००३ला, मोहीम सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी. तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता. इराकवर सैन्य चालून गेलं होतं आणि देवीचे विषाणू तिथे काही सापडले नाहीत. शेवटी पाच लाखांऐवजी जेमतेम चाळीस हजार जणांनी लस घेतली.

या मोहिमेचं अपयश सांगताना 'कर्मचारी घाबरले' असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. ज्यांनी नकार दिला त्यांतल्या अनेकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लशी टोचल्या होत्या. दहा लाखांत एक म्हणजे किती, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांना आणखी एक गोष्ट कळत होती, जी आकडेवारीत दिसत नाही. तो एक जण आपण निघालो तर आपल्यामागे कोण उभं राहील? कंपनीच्या बाबतीत हे उत्तर पहिल्या दिवशी तयार होतं. नर्सच्या बाबतीत ते तीन महिन्यांनी आलं. नकाराची इतर कारणं होतीच, पण हा क्रम कुणाच्या नजरेतून सुटला नसणार.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. २०२१ची गोष्ट वेगळी होती, असं ती म्हणाली, आणि ते खरं आहे. तेव्हा रोग शेजारच्या खाटेवर होता, तिच्या ओळखीची माणसं जात होती. "परत वेळ आली तर परत घेईन," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण ताप आला होता हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं."

तिच्या त्या रात्रीच्या तापाची नोंद कुठेही नाही. ताप किरकोळच होता, दोन दिवसांत उतरला. अमेरिकेतले ते २१ जण सापडले, कारण त्यांच्यासाठी कुणीतरी रकाना आखून ठेवला होता. आधी टोचून घेणाऱ्यांचं इतकं देणं तरी आपण लागतो.