पेत्राची बोली

महायाजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी उभ्या असलेल्या पेत्राला लोकांनी ओळखले ते त्याच्या बोलीवरून. गालीलचा कोळी यरुशलेमेत आला, तरी त्याचे हेल लपले नाहीत. पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचा अनुभव याहून निराळा नाही. गोव्याची आजी पाण्याला ‘उदक’ म्हणते, नगरकडचे आजोबा ‘होय’ऐवजी ‘व्हय’ म्हणतात आणि शाळेत जाणारा नातू चारचौघांत मान खाली घालतो.

या संकोचाला इतिहासाचा आधार नाही. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, फौजेतील गोमंतकीय ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी जागा मिळाली आणि पुण्यात सिटी चर्च उभे राहिले. या सैनिकांची मायबोली कोकणी. म्हणजे या शहरातील आपली पहिली वेदीच परमुलखातील बोली बोलणाऱ्यांची!

पुण्याकडील बोलीला ‘शुद्ध’ हे बिरुद पुढे इंग्रजी अमदानीत, मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशासारखे ग्रंथ व शालेय पुस्तके यांच्यामुळे पक्के चिकटले. पण तीही कोठे सोवळी आहे? चावी, पगार, तुरुंग, घमेले, बटाटा, पाव हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि किनाऱ्यावरून घाट चढले.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’साठी या इंग्रज येशूसंघीयाने ग्रांथिक मराठी निवडली, परंतु वाचकांना ती जड जाऊ नये म्हणून तेथील बोलीचे सोपे शब्द तिच्यात मिसळले, असे ते स्वतःच प्रस्तावनेत सांगतात. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले. एकीचा मान राखण्यासाठी त्यांनी दुसरीचा अवमान केला नाही.

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. मिस्साबलीत प्रमाण मराठी असावी, कारण ती सर्वांना समजते. घरची जपमाळ मात्र आईच्या बोलीत चालू द्यावी. आजाऱ्यांच्या उशाशी बसताना मी अनेकदा पाहिले आहे की, माणूस अखेरची प्रार्थना शाळेत शिकलेल्या भाषेत करीत नाही.

त्या रात्री पेत्राने प्रभूला नाकारले. पुढे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या दिवशी तोच पेत्र जनसमुदायापुढे उभा राहिला. हे सारे गालीलकर आहेत, हे लोकांनी तेव्हाही ओळखले. फरक एवढाच की, या वेळी पेत्राला लपायचे नव्हते.