इशाऱ्याचा धनी: खानदेशातील गावपहाऱ्याचा इतिहास

गावावर संकट आले असता ते सर्वांना कळविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खानदेशात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे आणि त्याची उत्तरे काळाप्रमाणे बदलत गेली आहेत. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत चोरटे फिरत असल्याची, बिबट्या दिसल्याची किंवा धरणाचे दरवाजे उघडणार असल्याची वार्ता लिखित संदेशाने अथवा व्हॉट्सॲपच्या गटातून पसरते, आणि या व्यवस्थेकडे बहुधा तंत्रज्ञानाची प्रगती म्हणूनच पाहिले जाते. वार्ता किती वेगाने पोहोचते एवढेच मोजले तर ते योग्यही ठरेल. परंतु वार्ता खोटी निघाली किंवा पोहोचलीच नाही तर जाब कोणाला विचारायचा, या अंगाने पाहिले म्हणजे हा इतिहास सरळ चढत्या रेषेचा राहत नाही.

आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले आणि आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे पिंप्राळा हे मुळात स्वतंत्र गाव होते. अशा जुन्या खानदेशी गावाचा कारभार चावडीवरून चाले. महसूल आणि शांतता या दोहोंसाठी पाटील जबाबदार असे, लिखापढी कुलकर्ण्याकडे असे आणि रात्रीचा पहारा जागल्याकडे असे. जागल्या म्हणजे गावाच्या वतनातून किंवा रयतेने दिलेल्या धान्याच्या वाट्यातून ज्याचे पोट चाले असा पहारेकरी. पुणे-सातारा भागात हे काम प्रामुख्याने रामोशांकडे होते, तर खानदेशात ते बहुतांशी भिल्लांकडे होते.

जागल्याच्या कामाचे सर्वांत स्पष्ट वर्णन इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात आढळते. गावात कोण आले, कोण गेले याची नोंद मनात ठेवणे, परक्या माणसावर नजर ठेवणे, संशयास्पद गोष्ट पाटलाच्या कानावर घालणे आणि गावातील प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक असणे ही त्याची नित्याची कर्तव्ये होती. चोरी झाली की खरी कसोटी सुरू होई. चोराच्या पावलांचा माग काढत जागल्या शिवेपर्यंत जाई. तो माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरल्याचे तेथील पहारेकऱ्याला पटवून दिले, की पहिल्या जागल्याची जबाबदारी संपे आणि पुढील शोध दुसऱ्याच्या गळ्यात पडे. ज्या गावात माग थांबे, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येई. ती आधी जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायची आणि उरलेली रक्कम साऱ्या गावाकडून वसूल व्हायची, असा नियम होता. प्रत्यक्षात पूर्ण भरपाई नेहमी घेतली जात नसे, हेही एल्फिन्स्टनने नमूद केले आहे.

या पद्धतीत वार्ता आणि उत्तरदायित्व एकमेकांपासून वेगळे करता येत नव्हते. इशारा देणाऱ्याला गाव ओळखत होते, तो चुकला तर त्याचे धान्य तुटत होते आणि शेजारच्या गावाने त्याचे म्हणणे मान्य केल्याखेरीज त्याची वार्ता शिवेपलीकडे जात नव्हती. मात्र हे चित्र आदर्श समजणे अनैतिहासिक ठरेल, कारण गावाच्या सुरक्षिततेचा सर्वांत मोठा आर्थिक भार गावातील सर्वांत दुर्बळ माणसावर टाकलेला होता, आणि त्याच्या हक्काचे धान्य देणे वा अडवणे गावाच्या मर्जीवर असे.

तो हक्क बुडाला की पहाराही बुडतो, हे खानदेशाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहिले. होळकरी फौजांची लुटालूट, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांची धाड यांमुळे गावे ओस पडली, भिल्ल नाईकांचे आणि जागल्यांचे हक्क थकले, आणि ज्यांनी गावे राखायची तेच सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या आश्रयाने गावांवर चालून येऊ लागले. १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या खानदेशाचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने लष्करी कारवाईबरोबरच नाईकांना तनखे आणि पहाऱ्याचे जुने हक्क परत देण्याचा मार्ग अवलंबिला. तेवढ्याने शांतता आली नाही. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याच्या हाताखाली खानदेश भिल्ल पलटण उभी करण्यात आली आणि तिचे ठाणे धरणगावी राहिले. या पलटणीचे कौतुक इंग्रजी लेखकांनी पुष्कळ केले आहे. तरी गावपातळीवर पाहता अधिक दूरगामी बदल वेगळाच होता. गावाला बांधलेला रखवालदार हळूहळू सरकारला बांधला जाऊ लागला.

१८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने हा बदल कायद्याच्या भाषेत आणला. गावच्या पोलीस व्यवस्थेचा प्रमुख म्हणून पोलीस पाटलाची कर्तव्ये त्यात ठरली आणि त्याने वार्ता वर, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांकडे, पाठवायची हे मुख्य झाले. आडव्या दिशेने, म्हणजे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे आणि गावाकडून गावाकडे जाणारी वार्ता दवंडीवर राहिली. दवंडी पिटण्याचे, निरोप पोहोचविण्याचे आणि सरकारी माणसापुढे धावण्याचे काम महाराष्ट्रभर प्रामुख्याने महार वतनदारांकडे होते. वेळीअवेळी राबविणाऱ्या आणि मोबदल्याची हमी नसलेल्या या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. दवंडीचा इतिहास गावरम्य आठवणींच्या सुरात सांगण्याची जी सवय मराठी लेखनात दिसते, तिने हा भाग सहसा वगळलेला असतो.

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरागत पदेही गेली. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा नेमणुकीने येणारा, मानधनावर काम करणारा गावकरी ठरला. कोतवाल हा तलाठ्याच्या मदतीस असणारा गावनोकर म्हणून उरला. गस्तीसाठी पोलीस कायद्याच्या आधाराने ग्रामरक्षक दले निघाली. काठी, शिट्टी आणि बॅटरी घेऊन तरुणांनी पाळीपाळीने रात्री फिरायचे, असे त्यांचे स्वरूप होते. चोऱ्यांची लाट आली की ही दले भरात येत आणि लाट ओसरली की विस्कटत. पोट ज्यावर अवलंबून नाही असा पहारा टिकवणे किती अवघड असते, याचे हे प्रत्यंतर होते.

याला खानदेशातील एक अपवाद विशेष उल्लेखनीय आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पीक संरक्षण सहकारी सोसायट्या आहेत. या सोसायट्या शेतकऱ्यांकडून क्षेत्राच्या प्रमाणात आकार घेतात आणि त्यातून राखणदार नेमतात. उभ्या बागेतील केळीची खोडे रातोरात कापली गेली, तर वर्षभराचे उत्पन्न एका रात्रीत जाते. वीजपंप आणि त्याची तांब्याची केबल चोरीला गेली, तर ऐन उन्हाळ्यात पाणी तुटते. म्हणून येथे पहाऱ्याला किंमत मोजण्याची तयारी टिकून राहिली. जुन्या जागल्याशी या राखणदाराचे नाते उघड आहे; फरक इतकाच की त्याचा मोबदला जातीने ठरलेला नाही आणि भरपाईचे ओझे त्याच्या डोक्यावर नाही.

भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली आणि पुढील दशकात ती गावोगाव पोहोचली, तेव्हा इशाऱ्याच्या प्रवासातील दोन अडथळे एकदम नाहीसे झाले: अंतर आणि माणूस. लिखित संदेश एकाच वेळी शेकडो लोकांना पाठविता येऊ लागला. त्यालाही मर्यादा होती. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत केवळ ७०, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला अधिक जागा लागते आणि काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे मराठी गावात मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहिण्याची रीत पडली आणि ज्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, अशी वडीलधारी माणसे या इशाऱ्यांतून आपोआप वगळली गेली. चावडीवरची दवंडी निरक्षरालाही ऐकू येत असे.

घाऊक संदेश भीतीही तितक्याच सहजतेने पसरवितात, याचा पहिला मोठा अनुभव ऑगस्ट २०१२ मध्ये आला. ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार असल्याच्या अफवांनी बंगळूर आणि पुणे येथून हजारो लोक रेल्वेने निघून गेले आणि केंद्र सरकारला एका क्रमांकावरून दिवसाकाठी पाचच संदेश पाठविण्याची तात्पुरती मर्यादा घालावी लागली. ती उठली, आणि पुढील काही वर्षांत स्वस्त इंटरनेटबरोबर व्हॉट्सॲपने लिखित संदेशाची जागा घेतली. आता चित्र, ध्वनी आणि चित्रफीत यांनाही शिवेचे बंधन राहिले नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी जे घडले, ते या इतिहासातील सर्वांत काळे पान आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. रविवारच्या आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, त्यातील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे, जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्याच सुमारास मालेगावातही अशाच संशयावरून जमावाच्या हाती सापडलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचविले.

राईनपाड्याचा अर्थ लावताना दोष केवळ यंत्रावर किंवा केवळ आदिवासी भागातील अज्ञानावर टाकण्याचा मोह अनेकांना झाला. दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत. परका माणूस गावात आला की चौकशी करणे ही या प्रदेशाची जुनीच रीत होती, आणि भटके भिक्षेकरी वर्षानुवर्षे त्याच वाटांनी येत असल्याने त्यांची ओळख पटविणारे कोणी ना कोणी गावात असे. जागल्याच्या व्यवस्थेत संशय चावडीपर्यंत नेण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे होते आणि तेथे विचारपूस होई. मोबाइलवरील संदेशाने संशय थेट प्रत्येकाच्या हाती दिला, पाठविणाऱ्याचा ठावठिकाणा पुसला गेला आणि मधली विचारपूस गळाली. पाटील, सरपंच, पोलीस चौकी ही सारी व्यवस्था जागेवर होती. संदेश त्यांना वळसा घालून गेला.

यानंतर उपाय झाले ते मुख्यतः वेगाला वेसण घालणारे. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत दिलेल्या निर्देशांनुसार प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या दर्जाहून कमी नसलेला समन्वय अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. दुसरीकडे, गटात दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटचालकाला, म्हणजे ज्याच्याकडे सदस्य घेण्या-काढण्याचा अधिकार आहे त्याला, केवळ तेवढ्यावरून दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय रास्तच आहे. तथापि गावपहाऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो, की ज्याला गाव आजचा पहारेकरी समजते त्याच्यावर पहाऱ्याचे उत्तरदायित्व नाही.

संदेशाला पुन्हा धनी मिळवून देण्याचे प्रयत्न जगात इतरत्रही झालेले दिसतात. आयर्लंडमध्ये विरळ वस्तीच्या खेड्यांतील वृद्धांवर होणाऱ्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर १९८५ पासून ‘कम्युनिटी अलर्ट’ ही चळवळ ‘मुइंतिर ना तीरे’ या ग्रामीण संघटनेने पोलिसांच्या सहकार्याने चालविली आणि २०१३ मध्ये तिला लिखित संदेशाची जोड मिळाली. तेथे संशयास्पद वाहन वा माणूस दिसल्यास रहिवाशाने आधी पोलिसांना कळवायचे असते. त्यांना योग्य वाटले तर ते गावच्या समन्वयकाला संदेश देतात आणि मग तो गटाकडे जातो. म्हणजे संदेशाच्या वाटेवर मुद्दामच एक चावडी बसविलेली आहे.

महाराष्ट्रात नाशिकमधून सुरू झालेली ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ याच प्रश्नाला निराळे उत्तर देते. गावकऱ्यांचे क्रमांक आधी नोंदविलेले असतात. संकटात सापडलेल्याने टोल फ्री क्रमांकावर बोलावे आणि त्याचाच आवाज परिसरातील नोंदणीकृत फोनवर कॉलच्या रूपाने वाजावा, अशी तिची रचना आहे. पुणे, अहिल्यानगर, सातारा अशा जिल्ह्यांत पोलिसांच्या मदतीने तिचा प्रसार झाला. आवाज ओळखीचा असतो, क्रमांक नोंदलेला असतो, मजकूर वाचावा लागत नाही आणि तो आपल्या मर्जीने पुढे ढकलता येत नाही. या चार गोष्टींमुळे ती लिखित संदेशापेक्षा दवंडीच्या अधिक जवळ जाते. तिचे दुबळेपण नोंदणीत आहे. जो आज गावात राहायला आला, त्याचा क्रमांक यादीत चढेपर्यंत तो ऐकणाऱ्यांत नसतो. पिंप्राळ्यासारख्या, शहरात मिसळलेल्या गावाच्या भोवती नव्या वसाहती उभ्या राहतात आणि भाडेकरू सतत बदलतात. तेथे कोण आले, कोण गेले हे मनात ठेवणारा कोणी उरत नाही आणि प्रत्येक वसाहतीचा गट वेगळा असतो.

नैसर्गिक आपत्तीच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे, कारण तेथे इशाऱ्याचा उगम निश्चित असतो. तापीवरील हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात विसर्ग वाढणार असला की पाटबंधारे खात्याकडून महसूल यंत्रणेकडे, तेथून तलाठी, कोतवाल व पोलीस पाटलाकडे आणि मग नदीकाठच्या लोकांकडे अशी सूचना जाते. आता तिची प्रत मोबाइलवरही फिरते. ऑगस्ट २०२१ अखेर चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने रातोरात वेढले, तेव्हा प्रश्न मोठ्या धरणाचा नव्हता. लहान नद्यांचे पाणी काही तासांत चढले आणि इतक्या थोड्या अवधीत ही साखळी पुरी पडणे कठीण असते. २०२३ पासून चाचणी घेतली गेलेली ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धत, म्हणजे मनोऱ्याच्या टप्प्यातील प्रत्येक चालू फोनवर क्रमांक ठाऊक नसतानाही मोठ्या आवाजासह इशारा उमटविण्याची सोय, अशा पुरासाठीच अधिक उपयोगी आहे. तिचा मजकूर आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडून येतो. परंतु ती चोरांसाठी नाही, केळीच्या बागेसाठी नाही आणि सातपुड्याच्या ज्या पाड्यांवर मनोऱ्याचा टप्पा पोहोचत नाही, तेथे तर नाहीच. तेथे पूर आला किंवा बिबट्या आला, तर अजूनही कोणीतरी धावत जाऊन हाक द्यावी लागते.