घरच्या कारखान्यांतील वाफेचें यंत्र

पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा लोहमार्ग १९१२ सालीं सुरू झाला. निजामाच्या राज्यांतील त्या गांवीं प्रथम इंजीन येऊन उभें राहिलें, तेव्हां त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें जाणणारे किती असतील? धूर दिसतो, शिटी ऐकूं येते, चाकें फिरतात. परंतु ज्यांत पाण्याची वाफ होते तो बॉयलर पाहणाऱ्यास केवळ एक लोखंडी नळकांडें वाटतो. वस्तुतः इंजिनाचें सारें सामर्थ्य आणि सारा धोका त्यांतच सांठविलेला असतो. हिंगोलीस गाडी पोंचण्यापूर्वीं सुमारें ऐंशी वर्षें मुंबईंतील एका तरुणानें हें कोडें स्वतःच्या घरीं सोडविलें होतें. त्याचें नांव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म १८०८ चा. घराणें जहाजें बांधणाऱ्यांचें. मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्यें सुरतेहून मुंबईस आले, आणि पुढें पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गोदींतील मुख्य जहाजकारागिराचा मान याच घराण्याकडे राहिला. सागवानाचीं त्यांचीं जहाजें इंग्रजांच्या आरमारांत नांवाजलीं. १८१७ सालचें ‘ट्रिंकोमाली’ आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेलें आहे. पण काळ पालटत होता. १८३० मध्यें ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून सुएझला गेली. तिचें अंग मुंबईच्या गोदींत घडलें होतें. यंत्र मात्र विलायतेहून आणावें लागलें. लाकूडकामांत कोणासहि हार न जाणाऱ्या घराण्यापुढें प्रश्न उभा राहिला तो हाच, कीं जहाज आपलें आणि यंत्र परक्याचें, असें किती दिवस चालणार?

अर्देशीरांनीं याचें उत्तर घरींच शोधलें. १८३३ च्या सुमारास त्यांनीं एका अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र स्वतः घडविलें, आणि त्यास पंप जोडून विहिरीचें पाणी बागेंतील कारंजास चढविलें. एक अश्वशक्ति म्हणजे आजच्या घरगुती पंपाएवढीच शक्ति. कोणी म्हणेल, हें तर श्रीमंताघरचें खेळणें! पण यंत्र लहान असलें म्हणजे काम सोपें होतें असें नाहीं.

पाण्याची वाफ होतांना तें सुमारें सतराशेंपट जागा मागूं लागतें. ती जागा नाकारली कीं दाब उत्पन्न होतो. पंधरा इंच व्यासाच्या झांकणावर दर चौरस इंचास २० पौंड एवढाच दाब धरला, तरी एकूण रेटा साडेतीन हजार पौंडांवर जातो. एक सांधा कच्चा राहिला कीं सारें व्यर्थ. त्यांतून आकार निम्मा केला तर तापणारा पृष्ठभाग एकचतुर्थांश होतो, पण पाणी एकअष्टमांशच उरतें. म्हणून लहान बॉयलर लवकर तापतो, लवकर निवतो आणि त्यांतील पाणी पाहतां पाहतां आटतें. विस्तवावरील पत्रा कोरडा पडला कीं तो तांबडा होतो व मऊ पडून फुटतो. आज आगगाडीचीं छोटीं चालतीं इंजिनें घरीं करणारे हौशी कारागीर तांब्याचा पत्रा वळवून तो चांदीच्या डाखानें जोडतात, आणि पहिली परीक्षा वाफेनें न घेतां थंड पाण्याच्या दुप्पट दाबानें घेतात. थंड पाण्यानें सांधा उकलला तर पाणी गळतें. वाफेनें उकलला तर जीव जातो.

या कठीण पाठानंतर अर्देशीर थांबले नाहींत. ‘इंडस’ नांवाचें साठ टनांचें जहाज बांधून त्यांनीं त्यास वाफेचें यंत्र बसविलें. १८३४ मध्यें माझगांवचा आपला बंगला व बाग त्यांनीं गॅसच्या दिव्यांनीं उजळली. १८३९ मध्यें आगबोटींच्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठीं ते इंग्लंडला गेले, आणि १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें सभासद करून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन्, तेहि १९१८ सालीं.

त्याच १८४१ मध्यें मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली. खरी परीक्षा येथें होती. हाताखालीं युरोपीय कारागीर काम करणार. त्यांच्यावर एक देशी माणूस हुकमत कशी चालवणार, अशी शंका मुंबईच्या एका इंग्रजी पत्रानें उघड बोलून दाखविली. अर्देशीरांचें उत्तर कामांतून आलें. १८५७ पर्यंत त्यांनीं तो अधिकार सांभाळला. मध्यंतरीं १८५१ मध्यें त्यांनीं ‘लवजी फॅमिली’ नांवाची आगबोट पाण्यांत सोडली. तिचे धातूचे भाग त्यांच्या घरच्याच ओतशाळेंत तयार झालेले होते. १८७७ मध्यें इंग्लंडांत रिचमंड येथें ते निवर्तले.

पुढें १८५३ मध्यें बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, ती विलायती इंजिनांनीं. देशांत घडविलेलें पहिलें रेल्वे इंजीन अजमेरच्या कारखान्यांतून बाहेर पडावयास १८९५ साल उजाडलें. एका घरांत साधलेली विद्या देशाच्या कारखान्यांत रुजावयास साठ वर्षें लागलीं. ती साधण्याजोगी होती, हें मात्र बागेंतल्या त्या कारंज्यानें आधींच सिद्ध केलें होतें.