परिचारिका किती दिवसांत घडते?

आपल्या मंडळाच्या ज्या भगिनींच्या मुली बारावीच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. सरकारदरबारी त्याची उत्तरे ठरलेली आहेत. ए.एन.एम. व्हावयाचे तर दोन वर्षे, जी.एन.एम.ला तीन, पदवी हवी असल्यास चार. अमेरिकेत तर दुसऱ्या विषयाची पदवी हाती असलेली व्यक्ती बारा ते अठरा महिन्यांत परिचर्येची पदवी मिळवू शकते. हे ऐकले की आपल्याकडील वडीलधारी मंडळी मान हलवितात. घाईत शिकलेल्या बाईच्या हाती आजारी माणूस कसा सोपवावा, असे त्यांचे म्हणणे. शंका रास्त आहे. पण तिचा निकाल नुसती वर्षे मोजून लागत नाही, आणि हे पाहण्यास आपल्याला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. वैनगंगेच्या पलीकडे गेले तरी पुरे.

तत्पूर्वी थोडा इतिहास. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिचा अभ्यासक्रम अवघा एका वर्षाचा होता. साऱ्या जगातील परिचर्येची जी गंगोत्री मानली जाते, ती अशी अल्पमुदतीची! पुढे महायुद्धात परिचारिकांची टंचाई पडली, तेव्हा १९४३ साली अमेरिकेने छत्तीस महिन्यांचे शिक्षण तीस महिन्यांत बसविले. आपल्याकडे अडचण निराळीच होती. येथे मुदतीचा प्रश्न नव्हता, मुलीच पुढे येत नव्हत्या. परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असा समज घट्ट रुजलेला. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू करून विधवा व गरजू स्त्रियांना या वाटेवर आणले, तेव्हा त्यांना समाजाचे पुष्कळ बोल सोसावे लागले. त्याचे फळ मिळण्यास फार वेळ लागला. १९४६ सालच्या भोर समितीने मोजले, तेव्हा त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण भरले. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम स्वातंत्र्यानंतर या टंचाईतूनच निघाला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. चार वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य तेथे आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापिली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. रोग ओळखण्याची खूण सोपी, म्हणजे मुलाचा श्वास एका मिनिटात किती वेळा चालतो ते मोजणे. पण गावोगावच्या सुइणींना बारापुढे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांचे एक यंत्र बनविले गेले. वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे, दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करावयाचे. आजन्म निरक्षर राहिलेल्या बाया हे काम करू लागल्या. विद्वानांना जे सुचावयास हवे होते ते उशिरा सुचले खरे. सुइणीला अंक शिकवीत बसण्यापेक्षा तिच्या हाताला शोभेल असे साधन देणे अधिक शहाणपणाचे होते.

याहून मोठे काम १९९५पासून एकोणचाळीस गावांत झाले. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या स्त्रिया निवडल्या गेल्या. पुढे त्यांना आरोग्यदूत हे नाव पडले. बाळंतीण व बाळ यांना खोलीबाहेर न काढण्याची रीत आपण जाणतोच. तेव्हा दवाखाना खोलीत गेला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पहिल्या वर्षी या बायांनी मुख्यतः पाहिले आणि लिहिले. बाळाचे वजन, ताप, श्वास, अंगावर पिण्याची ताकद, सारे वहीत. त्यानंतर त्यांच्या हाती जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन आले. दर पंधरवड्यास डॉक्टर गावात येऊन वह्या तपासत. शाळा सोडलेली खेड्यातील बाई तान्ह्या बाळास सुई टोचणार, या कल्पनेनेच शहरी वैद्यकमंडळींस धास्ती वाटली होती. परिणाम काय झाला? जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे पूर्वी सोळा-सतरा दगावत, ती संख्या तीनच्या आत आली. हजार जन्मांमागे बासष्ट अर्भके पहिल्या महिन्यात जात, ती तिसऱ्या वर्षी पंचवीस-सव्वीसवर आली. त्याच काळात शेजारच्या सत्तेचाळीस गावांत मात्र आकडा साठाच्या घरातच राहिला. 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे सारे छापून आले.

माझ्या मते यातील खरे शिक्षण वर्गाबाहेर झाले. वर्ग लहान होता. पण बाळांना हात लावण्याआधी पुष्कळ पाहणे, पाहिलेले लिहिणे आणि लिहिलेले दुसऱ्याने तपासणे हे वर्षानुवर्षे सुटले नाही. शिवाय बाई त्याच गावची, तेव्हा मध्यरात्री हाक मारण्यास संकोच नाही. चांगल्या परिचारिकेत आणखी काय पाहावे? तापलेले अंग ओळखणारा हात, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे वेळीच ओळखून पुढे पाठविण्याचा प्रामाणिकपणा. पदवीधर परिचारिकेतही या दोन गोष्टी नसतील, तर तिची चार वर्षे तेवढी कमी पडली म्हणावयाचे.

परंतु याचा उलटा अर्थ काढणारेही आहेत. खेड्यातील बाईचे सहा-सात दिवसांचे शिबिर घेतले की परिचारिका नेमण्याचा खर्च वाचला, हा हिशेब सोयीचा आहे, खरा नाही. अडलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागली, रक्त द्यावे लागले, तर तेथे पुरी शिकलेली परिचारिकाच हवी. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा दिवसांत तिथली परिचारिका तिथेच राहणारी असावी लागते.

२००५ साली केंद्र सरकारने गावोगाव 'आशा' नेमण्यास आरंभ केला आणि २०११पासून नवजात बाळांच्या घरभेटींचे काम त्यांच्याकडे सोपविले. गडचिरोलीत जे शिकले गेले, तेच आता देशभरातील आशा करीत आहेत. बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहतात. सरकारी कागदांत त्यांची गणना मात्र अद्याप 'स्वयंसेविका' अशीच होते.